कापसाच्या खोलीतली शिंक

प्रिय अक्का,

आज सकाळी मला तुझी शिंक ऐकू आली.

तीच. एकापाठोपाठ तीन, आणि तिसरी सर्वांत मोठी. आपण दोघं बाबांच्या कापसाच्या खोलीत गळ्यापर्यंत ढिगात बुडून लपलो होतो, तेव्हाची. अंगणात देवीची लस टोचणारा डॉक्टर उभा होता, आई आपल्या नावाने हाका मारत होती आणि तू माझं तोंड हाताने गच्च दाबून धरलं होतंस. माझं तोंड, अक्का. तोच हात स्वतःच्या नाकावर ठेवला असतास, तर माझ्या दंडावर हा रुपयाएवढा वण आज दिसला नसता.

एवढ्या वर्षांनी ती शिंक पुन्हा कानावर आली आणि तुला लिहिल्यावाचून राहवेना. डावा हात ठणकतोय, अंगात थोडी कणकण आहे, आणि मी मात्र अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यासारखा खूश आहे. टोचून घेताना लिहिण्याचा हात तेवढा आठवणीने मागे ठेवला.

पण आधीपासून सांगतो. नाहीतर म्हणशील, दत्तू नेहमीसारखा ढगात.

तू गेलीस ती ही साथ यायच्या आधी. तुला निरोप द्यायला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. नंतर अशीही माणसं गेली की त्यांना पोचवायला घरचे चौघेही जमले नाहीत. ते तुला बघावं लागलं नाही, एवढ्यावर मी माझं समाधान करून घेतो. देवपुरातल्या घराला कुलूप घालून मी चार दिवस दाजींच्या सोबतीला म्हणून तुझ्या गावी आलो. मग सगळंच बंद झालं, आणि मी इथलाच झालो.

दाजी, म्हणजे तुझे ‘अहो’, गावाचे नाना. ते आणि मी, दोन म्हातारे, एक चूल. माझी ज्वारी-उडदाच्या कळण्याची वेडीवाकडी भाकर बघून ते रोज विचारतात, “आज कोनता जिल्हा?” परवा म्हणाले, हा तर सरळसरळ नंदुरबार. त्या दिवशी ते हसले. पण अक्का, त्यांचं हसणं तू गेल्यापासून पाहुण्यासारखं येतं. बसत नाही. चहा व्हायच्या आत निघून जातं.

मग लस आली. साठीच्या वरच्यांना आधी. तुझ्या गावच्या शाळेत सिस्टर निळी पेटी घेऊन येऊ लागली. आणि गावात काय काय बोललं जाऊ लागलं म्हणतेस! टोचून घेतलेला दोन वर्षांत जातो. अंगाला चमचा चिकटतो. दवाखान्यात नेतात ते परत आणत नाहीत. या सगळ्या बातम्यांचं ठिकाण म्हणजे समोरची गोदाबाई. तिची तपकीर आणि तिची जीभ, दोन्ही तू सोडून गेलीस तशीच आहेत.

दाजींना त्या बातम्यांची भीती नव्हती. त्यांचं वेगळंच होतं. मी विषय काढला की आढ्याकडे बघत म्हणायचे, “मना काय उरनं, दत्तू? तुनी बहीन मनी वाट दखी राहिनी. तिले कितला दिवस थांबाडू?”

 तूच सांग. माणसाला असं ओढून घेतात का, अक्का? मला राग आला तुझा, खरंच आला. तुझ्या फोटोसमोर उभा राहून मी एकदा म्हणालोसुद्धा, जरा दम धर की.

तरी मागच्या आठवड्यात मी त्यांना कसंबसं उठवलं. ताज्या दाढीची, धुतल्या धोतराची, पायरीपर्यंत स्वारी आली. त्यांनी एक वहाण घातली आणि समोरून गोदाबाई शिंकली.

झालं. एका शिंकेने दोन कामं केली. आमच्याबरोबर निघालेली माणसं कोरोना म्हणून पदर-रुमाल नाकाला लावून घरात पळाली, आणि दाजींनी अपशकुन म्हणून वहाण काढून ठेवली. गोदाबाई वरून म्हणते कशी, “मी शिंकनू नई. देवनी अडावं.” सिस्टरने वाट बघितली आणि बाटली न उघडताच ती परत गेली. तिच्या त्या एवढ्याशा बाटलीत दहा जणांची लस असते. एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, उरली तर वाया. म्हणून दहा डोकी जमल्याशिवाय ती बाटलीला हात लावत नाही.

आज ती पुन्हा आली. मी पहाटेच शाळेत जाऊन बसलो. तिसरीच्या वर्गात, बाकावर. फळ्यावर बाराखडी तशीच होती, धूळ बसलेली. मला इतकं बरं वाटलं की मी मनातल्या मनात हजेरी दिली. हळूहळू एकेक म्हातारं येत गेलं. सिस्टरने मला धरून मोजलं. नऊ.

“आजोबा, तुमचे नाना कुठेत?”

“निघतो म्हणाले होते.”

“मागच्या वेळीही निघालेच होते.” तिने पेटीचं झाकण दाबलं. “नऊ माणसं उन्हात घरी पाठवू का आता?”

सिस्टर आणि मी घरी आलो. ओटा रिकामा. खाट रिकामी. परसात कोणी नाही. मी हाका मारल्या. खाटेखालीही वाकून पाहिलं, अक्का. हा माणूस खरंच तुझ्या वाटेने निघाला की काय?

आणि तेव्हा पुढच्या खोलीतून तुझी शिंक आली. एक. दोन. आणि तिसरी, दार हलवणारी.

भाव नाही म्हणून दाजींनी यंदा कापूस घरातच ठेवलाय, खोली छतापर्यंत भरलेली आहे. सिस्टर दारात जाऊन उभी राहिली.

“नाना, बाहेर या. कापूस विकायचाय की त्यात अंडी उबवायचीत?”

ढिगातून आवाज आला, “मी आठे नई शे.”

मी हसून हसून उंबऱ्यावर बसलो. तुझ्याजवळ एवढी वर्षं राहून त्यांनी तुझी शिंक उचलली, आणि मला ती आज कळली. ते वर आले तेव्हा भुवया, मिशा, कान सगळं पांढरं. मग मान खाली घालून त्यांनी बाही वर केली. दोन्ही दंड कोरे होते. आपल्यासारखा वण नाही.

“न्हानपने देवीवाला उना, मी नदीपार पयी गऊ,” ते म्हणाले. “माले सुईनं भ्याव वाटस, दत्तू.”

“आणि अक्का वाट बघते, ते?”

“ते बी शे. पन पहिले सुई.”

“तिला ठाऊक होतं?”

“तिले बठ्ठं ठाऊक व्हतं.”

म्हणजे तुला ठाऊक होतं! आणि सख्ख्या भावाला एका शब्दाने बोलली नाहीस? एवढं गुपित बरोबर घेऊन गेलीस? जा, तुझ्याशी बोलत नाही. पण लिहितो आहेच.

सिस्टर म्हणाली, “नाना, तुमच्यासाठी नऊ जण खोळंबलेत. भ्या, पण चालत चालत भ्या.” ते चालले. कापूस झटकत, माझा हात धरून. बाटली उघडली. त्यांची पाळी आली तशी पकड इतकी घट्ट झाली की मला दुसरं काही सुचेना, मी कविता म्हणू लागलो. चौथीच्या पुस्तकातली, तू मला पाटावर ठेका धरून पाठ करून घेतलेली. पहिलं कडवं खणखणीत झालं. दुसऱ्याच्या मध्यावर मी अडकलो. पुढची ओळ येईचना.

ती ओळ दाजींनी म्हटली.

डोळे मिटून, तुझ्या चालीवर. शाळेचं तोंड फारसं न बघितलेला माणूस. धान्य पाखडताना तू गुणगुणायचीस ती ऐकून ऐकून त्यांना आख्खी पाठ. तिसरं कडवं सगळ्या वर्गाने म्हटलं, ज्यांना येत नव्हतं त्यांनी नुसता ठेका धरला. कडवं संपलं तेव्हा दाजी म्हणाले, “हं, टोच आते.” सिस्टर म्हणाली, “कधीच टोचलं.”

आता दिवे लागलेत. दाजींना अंमळ ताप आहे, पण त्यांचा थाट बघ. पूर्वी देवी टोचल्यावर करायचे तसं सगळं त्यांनी मांडलंय. दारात कडुनिंबाची डहाळी बांधली. घरात फोडणी बंद, अंगात माता आली आहे म्हणे. मी सांगितलं, दाजी, ही ती लस नव्हे. तर मलाच दटावलं, “गप बठ, तिले राग ई.” म्हणून मी बिनफोडणीचं वरण खाऊन हे लिहितो आहे. आणि अक्का, त्या वरणाला चव होती, कारण ते दोन वाट्या जेवले आणि त्यांचं हसू जेवण होईतो बसून राहिलं.

तर माझं तुला वचन. दुसरी सुई असते म्हणतात, तिलाही मीच त्यांना घेऊन जाईन, सगळी कडवी पक्की करून. एवढ्यात त्यांना तुझ्याकडे पाठवणार नाही. तू वाट बघ, पण पाट मांडून बसू नकोस.

थांब हं. दारात कोणीतरी आहे. निंबाची डहाळी लागलेल्या घरी परकं माणूस येत नाही, आणि हे आलंय.

गोदाबाई आहे, अक्का. डहाळीच्या पलीकडे, पायरीखाली, डोक्यावरून पदर घेऊन. डहाळीला हात जोडून विचारतेय, “नानाभाऊ, माता उनी का तुमना घर? मंग माले बी टोची का ती बाई?”

दाजी खाटेवर उठून बसले. “टोची. पन बाटलीले दहा जन लागतस. तू एक. बाकीना मी गोया करस. दत्तू, मनी टोपी कथी शे?”

मी म्हटलं, ताप आहे, उद्या जा. ऐकतात थोडेच? पायरीवर जाऊन त्यांनी एक वहाण घातली, आणि गोदाबाई शिंकली. ती थबकली. मी थबकलो.

दाजींनी दुसरी वहाण घातली आणि चालू लागले.

तुझा,
दत्तू