तितर आणि लावा यांची जगावेगळी मैत्री

२ एप्रिल
पक्षीमित्र मंडळाच्या जूनमधल्या सभेत माझं भाषण नक्की झालं. विषय : 'तितर आणि लावा : एक तुलना'. गेल्या महिन्यात मेहुणा गरुडावर बोलला. टाळ्या बऱ्या पडल्या. पण गरुड काय, कोणीही ओळखेल. जमिनीवरच्या मातकट पक्ष्यांतला फरक सांगायला नजर लागते. ती माझ्याकडे आहे. अभ्यास उद्यापासून. रोज पहाटे.

५ एप्रिल
पहाटे उठणं जमलं नाही. सेकंड शिफ्टचा थकवा. शिवाय आमच्या पंपहाउसमागच्या गवतात हे पक्षी असतातच. ड्यूटीवर खिडकीतून अभ्यास होईल. एका दगडात दोन पक्षी. (वाक्य भाषणात घेणे.)

११ एप्रिल, सकाळी १० (या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट)
दिसले! तितर : लहानशा कोंबडीएवढा, मान ताठ, पळण्यात पटाईत. मागोमाग लावा : मुठीएवढा, मान जवळजवळ नाहीच. अचानक खिडकीखालून भुर्रकन उडाला. मी दचकलो, चहा कंट्रोल पॅनेलवर. सुपरवायझर बरंच बोलले. संशोधकाला हे सोसावंच लागतं.

१८ एप्रिल
लावा तितराची पाठ सोडत नाही. तितर उकरतो, लावा टिपतो. दोन वेगळ्या जाती आणि एवढा जिव्हाळा! हे कुठल्याही पुस्तकात नाही. म्हणजे शोध माझाच. पुस्तक अजून आणलेलं नाही, पण त्यात नसणारच.

२९ एप्रिल
बायकोला फोटो दाखवले. म्हणाली, पोर आईला चिकटल्यासारखं वाटतंय. मी नुसता हसलो. ती पाळणाघर चालवते, तिला सगळीकडे पोरंच दिसणार.

९ मे
लावा गुबगुबीत झालाय. आमचं गवत त्याला मानवलं. भाषणातलं 'लावा फारच लहान' खोडून 'किंचित लहान' केलं.

२४ मे
लाव्याला मान आली! संगतीचा परिणाम. म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. इथे तर वाणही लागतोय. विज्ञान हादरणार.

१२ जून
फरकाचे मुद्दे पुष्कळ होते, आता एकच उरलाय : तितर ओरडतो, लावा गप्प असतो. स्वभावानेच अबोल. एकच मुद्दा, पण ठोस. मेहुण्याने ढीगभर मुद्दे घेतले होते. लोक जांभया देत होते. निदान मी तरी.

२८ जून, संध्याकाळी
भाषण झालं.
फोटो तारखेप्रमाणे लावले होते. तिसऱ्या फोटोला हॉलमध्ये खसखस पिकली. विनोद जमतायत असं वाटून मी आणखी दोन टाकले. पुढच्या फोटोला मेहुणा रुमालात तोंड खुपसून गदगदत होता. शेवटच्या फोटोवर अध्यक्षबाईंनी विचारलं, यातला लावा कुठला? मी डावीकडचा दाखवला. मग जरा निरखून उजवीकडचा. मग अबोलपणाचा पुरावा म्हणून व्हिडिओ लावला. हा मी आधी पाहिला नव्हता, वेळ कुठे होता! डावीकडच्याने मान उंचावली आणि अस्सल तितरासारखा कोकलला. उजवीकडच्याने त्याच सुरात उत्तर दिलं.
लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. बायकोसुद्धा. शेवटी मलाही हसू आवरेना. नंतर टाळ्या. गरुडापेक्षा कितीतरी जास्त, हे इथे नोंदवून ठेवतो.

२९ जून
अध्यक्षबाईंचा फोन आला. तितराचं पिल्लू मोठं होताना इतकं बारकाईने मंडळात आजवर कोणी टिपलं नव्हतं म्हणे. पुढच्या सभेत त्यावरच खास कार्यक्रम. मी तत्काळ होकार दिला.
मग त्या म्हणाल्या, बोलणार तुमचे मेहुणे. तुम्ही फक्त फोटो पुढे सरकवायचं बटण दाबा.
बटण काय साधी गोष्ट आहे? ऐन वेळी दाबलं नाही, तर मेहुणा बसेल एकाच फोटोवर बोलत. थोडक्यात, तो माझ्या बोटावर नाचणार.