तोंड मऊ, बूड कडक

मामा, उद्या मला मुलगी बघायला नेणार आहेत. काल्हेरची आहे. आई माझ्यामागे लागलीये की केस काप, आणि तिथं बसल्यावर पाय हलवत बसू नकोस. बाबा येणार, काका येणार, गाडीही सांगून झाली. दुपारी जेवून आडवा झालो आणि एकदम मनात आलं, माझ्या शेजारी बसणार कोण? तू जाऊन आता इतकी वर्षं झाली की मामीसुद्धा तुझी आठवण काढताना रडत नाही, हसते. मला मात्र आज हसू येत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

नारपोलीतला तुझा गाळा मला आधी आवाजानं आठवतो. दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमची खटाखट आणि मधे तुझं लेथ. आपण तिथं बोलायचो म्हणजे ओरडायचोच, आणि जेवायला घरी आल्यावरही ओरडतच बोलायचो, मग मामी दोघांना झापायची. मी तिथं कसा आलो ते तुला माहीत आहे. कॉमर्सचं दुसरं वर्ष, जिच्यावर माझा जीव होता तिच्याबद्दल कॅन्टीनमध्ये एक जण काहीतरी बोलला, आणि मी स्टीलचा जग त्याच्या डोक्यात घातला. प्रिन्सिपल म्हणाले, माफी माग. नाही मागणार म्हणालो आणि गेटातून बाहेर पडलो तो पुन्हा आत गेलोच नाही. बाबांनी बोलणं टाकलं. तू स्कूटरवरून आलास, चहा प्यायलास आणि म्हणालास, "हात चालतात ना? मंग चल, त्यांना तरी कामाला लावू."

लूमचे पार्ट हे तुझं पोटाचं काम, आणि मेजरसाहेबांच्या पुंगळ्या हे लाडाचं. ठाण्याहून यायचे ते. स्वतः रिटायर, मिशी मात्र अजून ड्युटीवर. वडिलांच्या वेळची शिकारीची रायफल होती त्यांच्याकडे. शिकार कधीच बंद झालेली, ते रेंजवर जाऊन कागदावर नेम धरायचे, स्पर्धेत उतरायचे. लायसन त्यांचं, दारू भरायचं काम त्यांच्या घरी, त्यांच्याच हातानं. आपल्याकडे यायच्या त्या गोळी उडून गेल्यावर मागे राहणाऱ्या रिकाम्या पितळी पुंगळ्या, पुन्हा भरण्याजोग्या करायला. पहिल्यांदा मला हसूच आलं होतं. करंगळीएवढी नळी आणि तिचे एवढे लाड! मामी देवाची भांडी घासते तशा चिंच-मिठाच्या पाण्यात त्या घासायच्या. (मेजरसाहेबांनी आधी नाक मुरडलं, मग घरूनच चिंच आणायला लागले.) गच्चीवर लूमच्या कोऱ्या कापडावर वाळत घालायच्या आणि कावळ्यांवर नजर ठेवायची. मग सगळ्या एका उंचीच्या कापायच्या, तोंडाची धार आतून-बाहेरून मोडायची. आणि वाकवलेली तार आत घालून बुडाजवळ खरवडून बघायचं. तार कुठं अडकली तर ती पुंगळी आतून झिजलीये, बाजूला काढायची. मी उजेडात धरून आत डोकावायला लागलो की तू टपली मारायचास. "डोल्यांनी काय बघतस? डोले फसतात. तारंला इचार."

पण खरं नाजूक काम आचेचं. पितळ मार खाऊन कडक होतं, हे मला तू शिकवलंस. गोळी सुटली की पुंगळी फुगते, ती पुन्हा मापात दाबायची, आणि असं होत होत तिचं तोंड इतकं ताठ होतं की एक दिवस चिरतं. म्हणून अधूनमधून तोंडाला आच देऊन मऊ करायचं. फक्त तोंडाला. बूड कडकच राहिलं पाहिजे, कारण सगळा जोर तिथं येतो. मऊ पडलेलं बूड फाटलं तर आग मागे, रायफल धरणाऱ्याच्या डोळ्यांत. म्हणून परातीत पाणी घालून पुंगळ्या कमरेपर्यंत त्यात उभ्या करायच्या आणि वरून गॅसची ज्योत फिरवायची. रंग पालटला की आडवी पाडायची. चुर्र. तू ज्योत फिरवता फिरवता माझ्याकडे बघून म्हणायचास, "तोंड मऊ पायजे न बूड कडक. तुजा सगला उलटा हाय, भाचेराव. तोंड कडक न बूड येका जागी टिकत न्हाय."

जिच्यापायी कॉलेज सुटलं, ती पूर्णा गावची. घरचा फोन वापरता येत नसे म्हणून पीसीओवरून गाळ्यात फोन करायची आणि तू उचललास की मोठ्या आवाजात विचारायची, "पिकर तयार झाला का?" पिकर म्हणजे लूमचा पार्ट; बिचारीला तेवढंच नाव माहीत होतं. तू रिसीव्हर माझ्या हातात द्यायचास. "घे, तुजा पिकर." मग उगाच बाहेर जाऊन बिडी ओढत उभा राहायचास.

त्या दिवशी तू चहाला गेलेला, फोन मीच उचलला. ती पिकर-बिकर काही म्हणाली नाही. "रविवारी डोंबिवलीचे पाव्हने येनार हायत. पोऱ्याला नोकरी हाय, बाबांना पसंत हाय. तुला बोलाला यायचा असंल तर त्याच्या आधी ये. मारामारी कराला येनार असशील तर येव नको." आणि ठेवून दिला. मी बर्नर पेटवला. परातीत मेजरसाहेबांच्या पुंगळ्या उभ्या होत्या, ज्योत फिरवत राहिलो, आणि डोक्यात नुसता डोंबिवलीचा पोऱ्या. तू आलास तेव्हा बुडापर्यंत रंग गेलेला. तू ओरडला नाहीस. एवढंच विचारलंस, "पानी कुठं हाय?"

परात कोरडी होती. मी म्हणालो, चिंचेत घासू, चकाचक होतील, कोणाला कळणार आहे?

"चकाचक होतील, हां. न मंग सायबांच्या डोल्यांत कोन बघंल?" तू हातोडी माझ्यापुढे ठेवलीस. "चेच. सगल्या."

मी बसलोय, ऐरणीवर एकेक पुंगळी आडवी धरतोय. पहिल्या काही रागात चेचल्या, त्या पार कागद झाल्या. मग हात दमला. शेवटच्या तर धड दिसतही नव्हत्या मला. तू शेजारी बसून चहा पितोयस. कप खाली ठेवून विचारलंस, "कोन काय बोलला?" मी सांगितलं. "इतकाच ना? मंग माज्याशी बोलाचा. पितलंनी काय केला तुजा?" संध्याकाळी मेजरसाहेब आले. त्या पुंगळ्या त्यांच्याच रायफलीत उडून उडून तिच्या मापाच्या झालेल्या, आणि स्पर्धा तोंडावर. "भाच्याच्या हातून गेल्या, म्हंजे माज्याच हातून," तू म्हणालास. त्यांनी त्या चपट्या ढिगातली एक उचलून बघितली. मग म्हणाले, "चेचल्यात ते उत्तम केलंत. चमकवून दिल्या असत्या तर मी हसत हसत भरल्या असत्या." त्या वर्षी ते स्पर्धेला गेले नाहीत.

शनिवारी सकाळी तू इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. "चल पूर्ण्याला. पन तिथं तू बोलाचा न्हाय." स्कूटरवर मागे बसून मी रस्त्याकडेची शेतं बघत होतो. निम्म्यांत गोदामांचे लोखंडी सांगाडे उभे राहिलेले. त्यातली काही जमीन तिच्या बाबांची. मला वाटलं होतं, तू माझी तारीफ करशील. कसलं काय! तिच्या बाबांनी विचारलं, "पोरगा शिकला किती?"

"कालेज अर्ध्यात सोडला."

"का?"

"मारामारी केली."

"मंग काय बघून पोरगी देव?"

"रागीट हाय, पन खोटा न्हाय. केलेला घान लपवत न्हाय. मना वरीसभर द्या." चिंचेची गोष्ट तू गाळलीस.

तिचा भाऊ दाराशी टेकून उभा होता. तो हसला. "वरीसभर पुंगल्या घासून काय कलेक्टर होनार? त्यापेक्षा आमच्या गोदामावर वॉचमन म्हनून ये. जेवन फुकट."

मी अर्धा उठलो होतो, मामा. तुझा हात माझ्या गुडघ्यावर आला. मी बसलो. तिच्या बाबांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "तू मानूस चांगला हायस. पन डोंबिवलीला शब्द दिलाय मी." चहा आला, तो आपण शेवटपर्यंत प्यायलो. झालं. पुढच्या महिन्यात तिचं लग्न लागलं.

येताना खाडीच्या पुलाजवळ तू स्कूटर थांबवलीस. मला वाटलं, समजूत घालशील. तू मागे वळून दात काढून हसत होतास. "गेली तर गेली. पन आज तू बसलास, भाचेराव!" आणि मग ही गोष्ट सगळ्यांना. मामीला, मेजरसाहेबांना, लूमवाल्यांना, त्यांना तर हिंदीतून. "गुडघ्यावर हात ठेवला न गडी बसला. पितल मऊ झाला." बाबांना सांगितलीस तेव्हा ते त्या रात्री मला म्हणाले, "जेवलास का?" दिवाळीआधी तू गेलास. दवाखान्यातसुद्धा नर्सला हेच सांगत होतास.

मामा, तुझा हात मला लागलाच नव्हता. म्हणजे हात होता, ते नंतर कळलं. मी तिच्या भावाच्या अंगावर जाणारच होतो. तेवढ्यात त्याच्या मागे, आतल्या दारात ती दिसली, चहाचा ट्रे घेऊन. तिनं मान हलवली. नको. एवढंच. म्हणून बसलो.

तुला सांगायचं होतं, पण तू इतका खूश होतास. सांगितलं असतं तर म्हणाला असतास, "कोनासाठी का होईना, बसलास ना?" आज वाटलं, हा कागद मामीला वाचून दाखवावा. पण ती अजून घरी येणाऱ्या प्रत्येकाला तीच गोष्ट सांगते, गुडघ्यावर स्वतःचा हात ठेवून दाखवते. तिच्याकडून ती कशाला काढून घेऊ? राहू दे माझ्याकडेच.

उद्या बसेन मी नीट. काल्हेरच्या मुलीचा फोटो आईनं माझ्या उशाखाली ठेवलाय. अजून बघितलेला नाही.