चिनूच्या केसांचं तेल

गुरुवार, १५ जानेवारी. संध्याकाळचे साडेसात. ताट झाकून लिहीत बसलो आहे.

काल ताईच्या चिनूला दाखवलं होतं. प्लास्टिकचा कंगवा केसांवरून फिरवून नळाजवळ धरला, की पाण्याची बारीक धार त्याच्याकडे वाकते. स्थिर विद्युत. आज तिनं ते वर्गात करून दाखवलं. धार सरळच पडली. सगळे हसले. घरी येऊन म्हणाली, "मामा, आप झूठे हो."

सकाळी माझ्या आईनं चिनूच्या केसांना चपचपीत तेल लावलं होतं. तेलकट केसांवर कशी होणार वीज?

"आजच तेल काहून लावलं?" मी आईला विचारलं.

"मग पोट्टीले शाळेत भुतासारखी पाठवू का?"

इतका संताप आला. पण केस कोरडे हवेत, हे मी तरी कुठे सांगितलं होतं?

माझ्या कोरड्या केसांवरून फिरवून पुन्हा कंगवा धरला, धार वाकली. चिनूला हाक मारली, तर ती आली नाही, आई आली. "बाप्पा, खरंच वाकून राहिली."

मी नळ बंद केला.