तिवराची गाडी

तामलवाडी,
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. इथं सगळे बरे आहेत. आत्याचा गुडघा दुखतोच, पण रोज तुळजापूरहून फोन करून "जेवलीस का" विचारते, म्हणजे ठीक आहे. पाऊस उघडीप देईना. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. रेवणप्पा तुझा ट्रक इथं सोडून एसटीनं आलेले पाहून तू चमकशील. त्यांच्यावर चिडू नकोस. मीच हे पत्र देऊन त्यांना पाठवलं. का, ते सांगतेच.

आधी म्हशीचं ऐक. कारखान्यामागच्या कमलबाईंची म्हैस दावं तोडून रोज आमच्या आवारात येते आणि तू पाठवलेले ओंडके चाटत बसते. शेजारी तुराट्यांचा ढीग आहे, सोयाबीनचं भुसकट आहे, त्याकडं ढुंकून बघत नाही. कमलबाई म्हणाल्या, "ताई, लाकडाला गूळ लावलाय का वो? घरची पेंड सोडून हिकडंच पळतीय बया." सगळे हसले. मीही हसले. मग कोणी नसताना मी ओंडक्यावरून बोट फिरवून जिभेला लावलं.

खारट होतं.

माझं काम तुला माहीत आहे. कारखान्यात येणाऱ्या मालाचा ओलावा आणि राख तपासायची, मी हो म्हटलं की माल दळून त्याच्या इंधनाच्या गोळ्या करायच्या. भुसकट संपत आलं आणि तू कोकणातून लाकूड पाठवतो म्हणालास, तेव्हा मालक शरणप्पा काका किती खूश झाले होते! "भाऊ पाठवतोय, भैन तपासतीय. म्या कशाला मधी नाक खुपसू?" म्हणून पहिल्या दोन्ही गाड्या मी आत घेतल्या. राख जास्त भरत होती. लाकडाला माती लागली असेल, असं मी स्वतःला समजावलं. आता आमच्या गोळ्या घेणारा भूमचा खवाभट्टीवाला विचारतोय, "गोळ्यांत काय घालता? शेगडीची नवी जाळी गंजून चाळण झाली." मिठानं गंजली, हे आता मला कळतंय.

आज सकाळी तिसरी गाडी आली. दोरात एक डहाळी अडकली होती, पानांसकट. पान उलटं केलं तर खाली बारीक पांढरे कण. मी रेवणप्पांना विचारलं, ही झाडं रस्त्याच्या कामात निघालेली ना? दादानं तसंच सांगितलंय. त्यांनी चाकाखाली दगड लावला. मग म्हणाले, "ताई, म्या निस्ती गाडी हाकतो. खाडीचं पाणी उतरलं की पोरं चिखलात शिरून तोडत्यात. रस्ता-बिस्ता काय न्हाय तितं. दादा काठावर हुबं राहून दावत्यात, कंचं तोडायचं ते."

दादा, तुला ते झाड ओळखता आलं नाही, असं मला लिहू नकोस.

चौथीपर्यंत आपल्या दोघांची शाळा म्हणजे आत्याचं स्वयंपाकघर. तीच शिकवायची, आणि एकदा तीच आपल्याला कोकणात खाडीवर घेऊन गेली होती. मी चिखलाला घाबरून तिचा पदर सोडत नव्हते. तू पुढं गेलास, पान चाटलंस आणि ओरडलास, "आत्या, या झाडाला खारट घाम येतो!" तिनं नाव सांगितलं. हे झाड तोडलं की खाडीचा काठ सुटतो, गावात पाणी शिरतं, हेही सांगितलं. परत येताना तू अख्ख्या एसटीला ऐकवत होतास, तिवर, तिवर. कंडक्टरसुद्धा हसला होता. आत्या ती गोष्ट अजून येईल त्याला सांगते. काल मलाही सांगत होती. मी काम आहे सांगून फोन ठेवला.

हे सगळं मी लांबवतेय, ते मला कळतंय. आता लिहिते.

गाडी मी आवारात घेऊन फाटकाला कुलूप लावलंय. किल्ली माझ्याकडं आहे. आणि दुपारी मी वनखात्याला फोन केला, तोडायला बंदी असलेलं लाकूड आलंय म्हणून. गाडीचा नंबर दिला. गाडी तुझ्या नावावर आहे, तेही सांगितलं. आधीच्या दोन गाड्यांचा माल मीच आत घेतला, हेही. ते शुक्रवारी सकाळी येणार आहेत. शरणप्पा काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पोरी, सख्खा भाऊ हाय की गं तुजा." मी हो म्हटलं. 

तुला आधी सांगायला हवं होतं का? दुपारपासून तेच घोळतंय डोक्यात. पण आधी सांगितलं असतं तर तू समजूत घातली असतीस, आणि मी ऐकलं असतं. तुझं मी नेहमीच ऐकते.

आत्याला अजून काही सांगितलेलं नाही. ते माझ्याच्यानं होणार नाही. ते तू सांग.

दर वर्षी या दिवसांत राखी पाठवते. यंदा पाकिटात शोधू नकोस, घातलेली नाही. रेवणप्पा उद्या पोचतील. रात्रीची एसटी धरलीस तर शुक्रवारी सकाळी इथं असशील. साहेब विचारतील, झाड कोणतं. ते तुझ्या तोंडून निघावं. तू आला नाहीस तर मला सांगावं लागेल, आणि मी सांगेन. आलास तर मी तुझ्या शेजारी उभी असेन, ते काय म्हणतील ते दोघं ऐकू. शनिवारी पौर्णिमा आहे. राखी मी आणून ठेवली आहे.

फाटकाशी तुझी वाट बघणारी,
देवश्री