भिंतीवरचं बदक

ता. ४

चि. छबीस अनेक आशीर्वाद.

सगळ्यात आधी टपकला तो लंबू साहेब. आमच्या जुन्या बालगृहाचं दार पोरांच्या मापाचं. तिथं कपाळ आपटून घेतलं आणि वर माझीच माफी मागितली! मागून कॅमेरावाली बाई. कुठली इमारत ठेवायची, कुठली पाडायची, हे दोघं ठरवणार. पाहुणे यायचे म्हणून मी नि ढब्बूनं (माझ्या शेजारच्या खाटेवरची गं, अजून तशीच गोल) झोपायची खोली चुना मारून लख्ख केलेली. बघून बाईचं तोंडच उतरलं. म्हणाली, खाटांच्या वर भिंतीवर काढलेली चित्रं बघायला तर आलो. ती नसतील तर ही खोली कशासाठी ठेवायची?

आम्हा पोरांना अक्षर येत नव्हतं, म्हणून चित्रावरून खाट ओळखायची. माझं बदक. आई-बाप ठाऊक नव्हते, पण बदक माझं होतं. लंबू म्हणाला, पाडायचं लिहिण्याआधी एकदा परत बघून जातो. आता काय करू गं? तुझ्या आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव.

तुझी आजी

ता. ८

ती. आजीस सा. न. वि. वि.

मी जुन्या भिंतींची चित्रं जपायची कामं करते आणि माझीच आजी चुन्याची बादली घेऊन हिंडते! खरवडू नकोस. ओला स्पंज, हलका हात. ताजा चुना सुटेल, खालचा तेलरंग राहील. ढब्बूआजीला स्टुलावर चढवू नकोस, स्टुलाची काळजी वाटते. लोभ आहेच, तो तेवढा पुसू नकोस.

तुझी छबी

ता. १३

चि. छबीस आशीर्वाद, आणि एक गालगुच्चा.

निघालं गं! आधी चोच, मग डोळा. पुसता पुसता माझेच डोळे वाहायला लागले, ढब्बू म्हणाली स्पंज कशाला हवा मग. तिच्या खाटेवरचं छत्रीचं चित्रही सापडलं, दांडा जरा गेलाय. आज दोघं आली. लंबू जमिनीवर फतकल मारून बदकासमोर बसला, उठेचना. बाईनं फोटो काढले, मलाही बदकाशेजारी बसवलं. म्हणाली, खोली ठेवायची असंच लिहितो, मोठ्या साहेबांची सही घेऊन परत येतो.

आजीवर जीव आहे तसाच असू दे.

ता.क. ते सही घेऊन यायचा दिवस विसरायला नको म्हणून भिंतीवर लिहायला निघाले होते. ढब्बूनं हातातला कोळसाच काढून घेतला. म्हणून इथं लिहिते: गुरुवार.