फ्रेंचच्या तासाला ताळेबंद

४ ऑगस्ट
मुख्याध्यापिका बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. "बसा" म्हणाल्या तेव्हाच ओळखलं, बातमी वाईट आहे. एरवी उभ्या उभ्याच बोलतात. आठवीच्या वर्गातून पुढच्या वर्षी फ्रेंचला वीस मुलं आली नाहीत तर विषय बंद. विषय बंद म्हणजे मी बंद. सतरा वर्षं इथे मुलांच्या तोंडात फ्रेंच घातलं, त्याचं हे फळ. बाई म्हणाल्या, पालकांना हल्ली उपयोगाचं काहीतरी हवं असतं. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाल्या, हिशेब वगैरे.

हिशेब! दार जरा जोरात लावलं, एवढंच.

घरी येऊन चहा ठेवला. विचारात उतू गेला. पण निर्णय झाला. मी अकाउंटंट होणार. रीतसर, परीक्षा देऊन. पहिली परीक्षा मार्चमध्ये. मेहुणा होऊ शकतो तर मी का नाही? तो शाळेत भाषेत दोनदा नापास झालेला माणूस आहे. स्वतःच सांगतो, हसत हसत.

५ ऑगस्ट
बायकोला सांगितलं. ती दवाखान्यातली ड्यूटी संपवून दमून आली होती, तरी हसली. माझा चेहरा बघून थांबली. म्हणाली, तुला भाजीवाला किती परत देतो ते कळत नाही. मी म्हणालो, मी मोजत नाही, विश्वास ठेवतो. तर म्हणे, दादाशी एकदा बोल, त्यालाही तुझ्याशी काहीतरी बोलायचंय, काय ते मला सांगत नाही.
मला माहीत आहे काय ते. उपदेश. मेहुण्याचा उपदेश घेण्यापेक्षा मी उपाशी राहीन. फोन उचलायचा नाही.

९ ऑगस्ट
पुस्तक आणलं. उशीएवढं जाड. पहिलं पान वाचलं. अगदी सोपं आहे.

१० ऑगस्ट
दुसरं पान लेखकाने घाईत लिहिलेलं दिसतं.

२१ ऑगस्ट
घरी अभ्यास होत नाही. शेजारी ड्रिल चालू. ड्रिल बंद झालं की झोप येते. दोष ड्रिलचाच.
मात्र आज डोक्यात प्रकाश पडला. मी भाषेचा मास्तर. माझी पद्धत काय? भाषांतर नाही, व्याकरण नाही. मोठ्याने म्हणायचं, करून दाखवायचं, नाटक करायचं. व्याकरण मागून आपोआप येतं. हिशेबही असाच शिकायचा! आकडे म्हणजे व्याकरण. येतील मागून. मेहुण्यासारखे लोक सुरुवातच आकड्यांनी करतात, म्हणून चाळिशीत टक्कल पडतं.

३ सप्टेंबर
पद्धत ठरली, पण नाटकाला माणसं हवीत. ती माझ्याकडे आहेत. आठवीचा अख्खा वर्ग.
आज सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेतलं: जे येतं ते नावे, जे जातं ते जमा. फ्रेंचमध्येच म्हणवणार होतो, पण शब्द मलाच माहीत नव्हते. कोणी तरी विचारलं, सर, हे कुठल्या धड्यात आहे? व्यापारी शब्दसंग्रह, म्हणालो. हे काही खोटं नाही.
पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने, जिला सगळी शाळा शंकासुर म्हणते, हात वर केला. सर, फळा आला तो नावे, मग पैसे गेले ते जमा, म्हणजे एकाच गोष्टीची दोनदा नोंद? मी म्हणालो, शंका शेवटी. शेवटपर्यंत मुलं शंका विसरतात.
ती विसरली नाही. घंटा झाली म्हणून वाचलो.

१७ सप्टेंबर
आज बहार आली! बाकांच्या दोन ओळी केल्या. डावी ओळ देणी आणि भांडवल, उजवी ओळ मालमत्ता. मुलं पाट्या गळ्यात घालून उभी. मागच्या बाकावरचा लंबू झाला यंत्र. त्याला बाकावर उभं केलं. यंत्र जुनं होतं, किंमत उतरते, त्याला म्हणतात घसारा. तेव्हा मी 'वर्ष संपलं' म्हटलं की लंबूने थोडं खाली यायचं. बाकावरून स्टुलावर, स्टुलावरून जमिनीवर.
शंकासुर ओरडली, सर, उजवीकडचा एक खाली आला तर डावीकडचाही कोणी खाली यायला हवा, नाहीतर दोन्ही बाजू सारख्या कशा होतील? आणि माझी वाट न बघता तिने भांडवल झालेल्या पोराला गुडघ्यांवर बसवलं. वर्ग टाळ्या वाजवायला लागला. मी हळूच पुस्तक बघितलं. बरोबर होतं.
म्हणजे पोरांना वाटतं ती शिकतायत, आणि शिकतो मी. याला म्हणतात डोकं.
मधल्या सुट्टीत मेहुण्याचा फोन. कापला.

८ ऑक्टोबर
घरी जुना पेपर सोडवला. शंभरपैकी चौदा. पेपरच फार जुना होता. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळेनात, म्हणून फरकाचा आकडा 'किरकोळ' असं लिहून उजवीकडे टाकला. जुळल्या.
बायकोने मागून पाहिलं. म्हणाली, कारखान्यापेक्षा किरकोळच मोठं आहे की रे. तिला यातलं काही कळत नाही.

२९ ऑक्टोबर
तास सुरू करताना एका पोराने विचारलं, सर, आज फ्रेंच आहे की खरं? सगळे हसले. मीही हसलो.
नंतर कपाट उघडलं. माझी चित्रं तिथेच होती. खिडकी, छत्री, पाव, पाऊस बघणारी म्हातारी. नोकरीच्या पहिल्या वर्षी पुठ्ठ्यावर स्वतः काढलेली. म्हातारीचं नाक कोणी तरी खोडलंय. खूप वाईट वाटलं. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, एकेक चित्र रुमालाने पुसलं. या चित्रांवर मी किती पोरांना बोलतं केलं.
मग बाईंचं 'उपयोगाचं' आठवलं आणि संताप आला. बरं झालं. संतापात अभ्यास चांगला होतो. कपाट बंद केलं.

२० नोव्हेंबर
बाई न सांगता वर्गावर. मागे जाऊन बसल्या. मी लगेच फ्रेंच सुरू केलं. खुर्चीचं चित्र वर धरलं आणि फ्रेंचमध्ये विचारलं, हे काय आहे?
अख्खा वर्ग एका आवाजात: मालमत्ता!
छत्रीचं चित्र धरलं. मालमत्ता! म्हातारी धरली. वर्ग जरा गोंधळला. मग लंबू म्हणाला, देणी.
बाईंनी शंकासुरला उभं केलं, हे काय चाललंय? तिने फळ्यावर घसारा समजावून सांगितला, आकड्यांसकट. दोन्ही बाजू जुळवून दाखवल्या. बाई वहीत काही तरी लिहून तडक गेल्या. घाबरल्या असाव्यात. माझी झेप दिसली त्यांना.

१४ डिसेंबर
मेहुणा स्वतःच घरी आला. माणसाला भीती बसली की असं होतं, उद्या मी त्याच्या पंक्तीला बसणार ना. मी पुस्तक घेऊन बाथरूममध्ये गेलो. नळ सोडून बसलो. तो बाहेरून म्हणाला, भाऊजी, दोनच मिनिटं. मी नळ मोठा केला.
तो गेल्यावर बायको भडकली. म्हणाली, माझा भाऊ दारात आला आणि तू नळ सोडून बसतोस, लाज वाटत नाही? ताट आपटून वाढलं. मी जेवलो. पुस्तक थोडं भिजलंय, घसाऱ्याचं प्रकरण चिकटून बसलंय. ते वर्गात झालेलंच आहे.

१९ जानेवारी
आज केबिनमध्ये पुन्हा 'बसा'. मी बसलो नाही.
आठवीच्या मुलांनी पुढच्या वर्षाचे विषय निवडले. फ्रेंचला तीन. हिशेब हा विषय शाळेत नाही, तरी बाकी सगळ्यांनी तोच लिहिला, आणि पालक सह्या करून मागे लागलेत की सुरू करा. बाई म्हणाल्या, तुमच्या तासामुळेच गोडी लागली, मी स्वतः पाहिलं. फ्रेंच जूनपासून बंद.
मी माझ्या हाताने माझा विषय बुडवला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. कारण पुढे ऐका. बाईंनी विचारलं, हिशेब तुम्हीच शिकवाल का? असं शिकवणारा दुसरा मिळायचा नाही. फक्त नियमाप्रमाणे ती पहिली परीक्षा पास पाहिजे. तुम्ही देताय म्हणे?
देतोय म्हणजे झालोच, म्हणालो. आता बसलो.
बायकोने विचारलं, आणि नाही झालास तर? तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. घर दोघांच्या पगारावर चालतं हे मलाही कळतं. मी म्हणालो, नाही होण्याचा प्रश्नच नाही.

११ फेब्रुवारी
नवा निर्धार. रोज पहाटे उठून गणितं.

१२ फेब्रुवारी
पहाट फार लवकर होते.

२ मार्च
शंकासुरने माझ्यासाठी सराव पेपर काढून आणला. वर्गाने मला ऑल द बेस्ट म्हटलं. लंबूने तर लकी म्हणून स्वतःचं पेन दिलं. पोरांना काय तोंड दाखवू, असा विचार एकदा मनात आला. हाकलला.

९ मार्च
परीक्षा झाली. मला सगळं येत होतं. प्रश्न पहिला, घसारा. वाचताच लंबू डोळ्यांपुढे उभा राहिला, बाकावर. मग स्टुलावर. मग जमिनीवर. पण लंबू किती रुपयांनी खाली आला ते काही आठवेना. भांडवल गुडघ्यांवर बसलेलं दिसत होतं, दात काढत. मी दोन पानं वर्णन लिहिलं. भाषा उत्तम झाली. शेवटी किरकोळ होतंच.
शेजारची मुलगी सारखी कॅल्क्युलेटर बडवत होती. समज कमी असली की असं होतं.

२६ एप्रिल
एकोणीस. शंभरपैकी.
तपासणाऱ्याला गद्याची जाण नाही.
बायकोने पाठीवर हात ठेवला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२८ एप्रिल
बाईंना सांगितलं. त्यांनी हिशेबाच्या जागेची जाहिरात दिली. कपाट रिकामं करायला सांगितलं. चित्रं पिशवीत भरली. जाताना शंकासुर दारात उभी होती. म्हणाली, सर, तुम्ही शिकवलेलं सगळं आम्हाला येतं, मग तुम्हाला कसं आलं नाही? मी म्हणालो, शंका शेवटी.

३ मे
शेवटी मीच मेहुण्याच्या ऑफिसात गेलो. मागायला नव्हे. त्याला इतके महिने बोलायचं होतं, तर म्हटलं एकदाचं बोलू दे.
तो उठून उभा राहिला. चहा मागवला. मग म्हणाला, भाऊजी, आमच्याकडे गेल्या उन्हाळ्यात एक फ्रेंच कंपनी आली, त्यांचे फोन, पत्रं, मीटिंगा, आमच्या ऑफिसात कोणाला एक अक्षर कळेना. कायमची जागा काढली, पगारही चांगला. हिशेब आम्ही बघू, तुम्ही फक्त बोला, एवढंच विचारायचं होतं. बहिणीकरवी निरोप दिला असता तर तुम्ही उपकार समजून झिडकारला असता. डिसेंबरपर्यंत जागा अडवून ठेवली. घरी येऊनही भेट झाली नाही, मग घ्यावंच लागलं कोणाला तरी.
काचेच्या पलीकडे एक मुलगी फोनवर बोलत होती. फ्रेंच. झरझर, न अडखळता. मला ऐकताच कळलं. नाकातून काढायचे ते उच्चार, वाक्य संपताना हनुवटी वर करायची ती लकब, सगळं माझं. दहा-बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या बाकावर बसायची. म्हातारीचं नाक हिनेच खोडलं होतं, आत्ता आठवलं.
मेहुणा म्हणाला, मुलाखतीत विचारलं, इतकं छान कोणी शिकवलं? तिने तुमचं नाव घेतलं, आणि आम्ही पुढचं काही विचारलंच नाही.
तिने मला पाहिलं. फोन ठेवून धावत बाहेर आली. सर, तुम्ही इथे? मी म्हणालो, सहज. तुझं काम बघायला.
घरी येऊन चहा ठेवला. समोर उभा राहून बघत होतो, उतू गेला नाही. बायको आली, चप्पल काढता काढताच विचारलं, काय म्हणाला दादा?
म्हणालो, माझी फार स्तुती करत होता.