वावराच्या कोपऱ्यातला दगड

बार्शी, पाडव्यानंतरचा सोमवार

नांगरताना आडवा आला म्हणून नव्या गड्यानं कोपऱ्यातला दगड उचलून फेकला, आन् तुमी हे मला खुशालीच्या चिठ्ठीत लिवता? त्या दगडाखाली आपला लेक चन्नबसप्पा मातीत बसवलाय, हे गड्याला सांगायला तुमाला तोंड नव्हतं?

धन्यास नागुबाईचा शरणार्थ.

आमी इकडं बऱ्या हाव. सूनबाई आता दोन घास खायलीय. तिला यातलं काय सांगितलं न्हाई. रझाकारांची धास्ती सरली की घरी जाऊन आधी त्याच्यापाशी बेल लावीन, म्हणायलीय. आता कोणत्या जागी लावंल ती?

औंदा विहीर खणू, मग पोरीचं लगीन करू, असं तो म्हणायचा. विहीर खणा, पर त्या कोपऱ्यात कुदळ घालू नका. आंब्याला कैऱ्या धरल्या का? तुमचा खोकला कसा हाय?

जागा सापडली का, तेवढं कळवा. उत्तर तुमी लिवू नका. मला बरं वाटावं म्हणून तुमी कायबी लिवता. भावासाठी खड्डा शिवरुद्रनं खणला होता. त्यानंच वावरात जाऊन बघावं आन् त्यानंच लिवावं.